लघवीवरचा ताबा सुटणे : व्यायाम, औषध, लेझर की शस्त्रक्रिया? संशोधनाच्या आधारे सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताईंचे वय ४८ आहे आणि त्यांची दोन्ही बाळंतपणे नैसर्गिक झालेली आहेत. खोकताना, शिंकताना, वजन उचलताना त्यांची लघवी सुटते. गेल्या वर्षभरात एकदम घाई लागण्याचा त्रासही सुरू झाला असून कधी कधी बाथरूमपर्यंत पोहोचण्याआधीच कपडे ओले होतात. संध्याकाळी खाली काहीतरी उतरल्यासारखा जडपणा जाणवतो. त्यांनी व्हिडिओ पाहून चार महिने केगेल व्यायाम, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम केले, पण फरक पडला नाही. एका डॉक्टरांनी मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया सुचवली, दुसरीकडे योनिमार्गात लेझर करण्याचा सल्ला मिळाला, आणि अशा शस्त्रक्रियांत वापरल्या गेलेल्या कृत्रिम जाळीमुळे झालेल्या त्रासांच्या बातम्या वाचून त्यांची झोप उडाली आहे. यांपैकी कोणत्या उपचारामागे खरे संशोधन आहे, असे त्या विचारतात.

स्त्रियांच्या मूत्रविकारांवर उपचार करण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करते आहे, आणि या प्रश्नाला एका ओळीचे उत्तर का देता येत नाही हे मला आधी सांगावेसे वाटते. ताई, आपण एक त्रास म्हणून जे सांगितले आहे ते प्रत्यक्षात तीन वेगळे त्रास आहेत, आणि त्या तिन्हींवरचे संशोधन बहुतांशी वेगवेगळ्या स्त्रियांवर झालेले आहे. खोकल्याबरोबर लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवर यशस्वी ठरलेल्या उपचाराचा आकडा घाईच्या त्रासाला लावला, तर तो आकडा खरा असूनही आपल्यासाठी खोटा ठरतो. म्हणून कोणीही ‘यशाचे प्रमाण अमुक टक्के’ असे सांगितले, की तीन गोष्टी विचाराव्यात : हे कोणत्या रुग्णांमध्ये दिसले, कशाच्या तुलनेत दिसले आणि किती महिन्यांनी मोजले.

खोकताना लघवी सुटते त्यात बिघाड मूत्राशयाचा नसतो, आधाराचा असतो. मिशिगन विद्यापीठातील जॉन डीलान्सी यांनी १९९४ साली शवविच्छेदनाच्या अभ्यासातून दाखवले, की मूत्रमार्ग हा योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीच्या आणि स्नायूंच्या झोळीवर टेकलेला असतो. पोटातला दाब वाढला की मूत्रमार्ग या झोळीवर दाबला जाऊन बंद होतो. पाण्याचा पाइप फरशीवर पायाने दाबला तर पाणी थांबते. तोच पाइप मऊ गादीवर ठेवून दाबला तर वाहतच राहतो. बाळंतपणात ही झोळी ताणली जाते, आणि काही जणींमध्ये ओटीपोटाच्या तळाचा स्नायू हाडापासून सुटलेलाही असतो. घाईच्या त्रासात मात्र झोळी उत्तम असू शकते. तिथे मूत्राशयाची भिंत आपण परवानगी देण्याआधीच आकुंचन पावू लागते, किंवा भरल्याची सूचना मेंदूला फार लवकर मिळते. जडपणा हा तिसरा भाग, म्हणजे ज्याला आपण अंग बाहेर येणे म्हणतो त्याची सुरुवात असू शकते.

आता आपल्या चार महिन्यांच्या व्यायामाविषयी. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले तेव्हा त्यांनी केवळ ‘आवळा आणि सोडा’ एवढेच सांगितले नव्हते. त्यांनी दाब मोजणारे एक उपकरण तयार केले होते, रुग्णाला योग्य स्नायू सापडला आहे की नाही हे ते स्वतः तपासत असत आणि मगच सरावाला सुरुवात करत असत. पुढच्या दशकांत व्यायामाचे नाव जगभर पसरले आणि तपासणी मागे पडली. १९९१ साली अमेरिकेत रिचर्ड बम्प आणि सहकाऱ्यांनी ४७ स्त्रियांना तोंडी सूचना देऊन त्या नेमके काय करतात ते मोजले. साधारण निम्म्या जणींनाच योग्य आकुंचन जमले, आणि चौथा हिस्सा स्त्रिया अशा पद्धतीने जोर लावत होत्या की त्यामुळे गळती वाढण्याचीच शक्यता होती.

हे मला आजही तपासणीच्या टेबलावर जवळजवळ रोज दिसते. ‘लघवी रोखून धरा’ असे मी सांगते, आणि रुग्ण पूर्ण प्रामाणिकपणे पोट घट्ट करतात, श्वास कोंडतात, मांड्या जुळवतात, नितंब उचलतात. तपासणाऱ्या बोटाला मात्र आतून वर ओढल्यासारखे जाणवण्याऐवजी खाली ढकलल्यासारखे जाणवते. त्या आवळत नसतात, कुंथत असतात. मग श्वास सोडता सोडता, जणू गुदद्वारातून वायू अडवायचा आहे अशा रीतीने मागून पुढे आणि वर उचलायला सांगितले, की काही मिनिटांत बोटाभोवतीची पकड बदलते आणि बहुतेक जणींच्या तोंडून ‘अच्छा, हे होय!’ असे उद्गार निघतात. आपले चार महिने वाया गेले असतील तर त्यात आपल्या चिकाटीचा दोष नाही. व्हिडिओला आतून तपासता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

योग्य शिकवण मिळाल्यावर काय घडते, याचे मला सर्वांत भरवशाचे वाटणारे उत्तर नॉर्वेतील कारी बो यांच्या १९९९ सालच्या अभ्यासात आहे. त्यात खोकताना गळती होणाऱ्या १०७ स्त्रियांचे चार गट होते : व्यायाम, विद्युत उत्तेजन, योनिमार्गात धरून ठेवायचे वजनाचे शंकू आणि कोणताही उपचार नसलेला गट. व्यायामाच्या गटाने रोज तीन वेळा ८ ते १२ जोरकस आकुंचने केली आणि आठवड्यातून एकदा फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सराव केला. सहा महिन्यांनी या गटातल्या २५ पैकी १४ स्त्रियांनी आता आपल्याला त्रास उरला नाही असे सांगितले. उपचार नसलेल्या गटात हे सांगणारी ३० पैकी एकच होती, विद्युत उत्तेजनाच्या गटात २५ पैकी ३ आणि शंकूंच्या गटात २७ पैकी २. हा अभ्यास लहान आहे हे खरे, पण त्यानंतरच्या अनेक चाचण्यांनी व्यायामाचा फायदा पुन्हा पुन्हा दाखवला आहे.

त्यातही ताकद वाढण्याची वाट न पाहता लगेच उपयोगी पडणारी एक युक्ती आहे. डीलान्सी यांच्याच गटातील जेनिस मिलर यांनी १९९८ साली २७ वयस्क स्त्रियांना खोकण्याच्या क्षणभर आधी तळाचे स्नायू आवळायला आणि खोकला संपेपर्यंत ते धरून ठेवायला शिकवले. एका आठवड्यात मध्यम खोकल्याबरोबरची गळती सरासरी ९८ टक्क्यांनी आणि मोठ्या खोकल्याबरोबरची ७३ टक्क्यांनी कमी झाली. एका आठवड्यात स्नायू बळकट होत नाहीत. बदलली ती वेळ साधण्याची सवय. मी माझ्या रुग्णांना व्यायामाच्या मोजणीआधी हेच शिकवते.

मोबाइलला जोडलेल्या, आकुंचनाचा आलेख दाखवणाऱ्या महागड्या साधनांविषयीही विचारले जाते. ब्रिटनमध्ये ६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नीट शिकवलेल्या व्यायामाला बायोफीडबॅकच्या यंत्राची जोड दिली गेली. दोन वर्षांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या गटांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. शिकवणारा माणूस महत्त्वाचा, यंत्र त्यानंतर. आणि चालू लघवी मध्येच अडवण्याचा व्यायाम कृपया करू नये. स्नायू ओळखण्यासाठी एखाद्या वेळी केले तर हरकत नाही, पण रोज केल्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

इथे मला एक इशारा द्यावाच लागेल, कारण त्यामागे माझी स्वतःची चूक आहे. कामाच्या पहिल्या वर्षांत ओटीपोटात दुखणे आणि सतत लघवीला जावेसे वाटणे अशी तक्रार घेऊन आलेल्या एका तरुण रुग्णाला मी स्नायू न तपासताच केगेल व्यायाम लिहून दिले. दोन महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिला बसणेही कठीण झाले होते. तिचे स्नायू ढिले नव्हतेच. ते सदैव आखडलेले होते आणि मी तिला ते आणखी आवळायला सांगितले होते. वेदनादायी मूत्राशयाच्या विकारात हे अनेकदा आढळते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मेरी पॅट फिट्झजेराल्ड यांच्या चाचणीत अशा ८१ स्त्रियांपैकी काहींना आखडलेले स्नायू हाताने सैल करण्याची विशेष फिजिओथेरपी दिली आणि काहींना सर्वांगाचा साधा मसाज. पहिल्या गटात ५९ टक्के, दुसऱ्यात २६ टक्के स्त्रियांना लक्षणीय आराम वाटला. ताई, आपण वेदनेचा उल्लेख केलेला नाही. तरीही व्यायामाने दुखू लागले, लघवी सुरू व्हायला वेळ लागू लागला किंवा संबंधांच्या वेळी त्रास होऊ लागला, तर व्यायाम थांबवून आधी तपासणी करून घ्यावी.

घाईच्या त्रासाकडे वळताना मी औषधाच्या आधी तीन दिवसांची डायरी मागते : किती वाजता काय आणि किती प्यायले, किती वाजता लघवीला गेले, मापाच्या भांड्यात ती किती मिलिलिटर भरली, कधी गळती झाली आणि त्या वेळी काय चालले होते. एका पानावर कधी कधी संपूर्ण निदान असते. दिवसातून चौदा फेऱ्या, प्रत्येक वेळी शंभर-सव्वाशे मिलिलिटर, आणि पहाटे उठल्यावर मात्र एकदम चारशे, असे दिसले की कळते, मूत्राशयाची क्षमता शाबूत आहे; ‘बाहेर पडण्याआधी जाऊन घेऊ’ या सवयीने ते थोडक्यातच रिकामे व्हायला शिकले आहे. अशा वेळी दर आठवड्याला दोन फेऱ्यांमधले अंतर पंधरा ते तीस मिनिटांनी वाढवत नेणे, आणि घाईची लाट आली की पळत न सुटता जागीच थांबून पाच-सहा वेळा पटापट स्नायू आवळून ती ओसरू देणे, हा उपचार असतो. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, लघवी अडकणे, किंवा पायांत नव्याने आलेला अशक्तपणा यांपैकी काही असेल, तर मात्र डायरीत वेळ न घालवता लगेच डॉक्टरांना दाखवावे.

हा साधा उपाय औषधापुढे कितपत टिकतो? १९९८ साली कॅथरिन बर्जिओ यांनी ५५ ते ९२ वयाच्या १९७ स्त्रियांवर याची थेट तुलना केली. वर्तनोपचाराने, म्हणजे अशाच सवयींच्या आणि स्नायूंच्या सरावाने, गळतीचे प्रसंग सुमारे ८१ टक्क्यांनी घटले, ऑक्सिब्युटिनिन या घाईवरच्या औषधाने ६९ टक्क्यांनी, आणि ज्यात औषधच नव्हते त्या प्लासिबो गोळीने ३९ टक्क्यांनी. या तिसऱ्या आकड्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे असे मला वाटते. केवळ डायरी लिहिणे, कोणीतरी लक्ष देऊन विचारपूस करणे आणि आपण उपचार घेतो आहोत ही जाणीव, एवढ्यानेही घाईचा त्रास बऱ्यापैकी कमी होतो. त्यामुळे तुलनेचा गट नसलेल्या कोणत्याही उपचाराची ‘चाळीस टक्के सुधारणा’ ऐकून मी हुरळून जात नाही, आणि आपणही जाऊ नये.

औषधांची गरज पडतेच. ऑक्सिब्युटिनिनसारखी जुनी औषधे तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठता वाढवतात, आणि वृद्धांमध्ये अशा औषधांचा दीर्घ वापर व स्मृतिभ्रंश यांचा संबंध मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसला आहे. निरीक्षणात्मक अभ्यासाने कारण सिद्ध होत नाही, पण पर्याय उपलब्ध असताना वयस्क रुग्णाला मी ती सहसा देत नाही. मिराबेग्रॉन हे त्यानंतरचे औषध २०११ साली प्रथम जपानमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत मान्य झाले. ते वेगळ्या मार्गाने, म्हणजे मूत्राशयाचा स्नायू भरण्याच्या काळात सैल ठेवून काम करते. त्यासोबत रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते.

गोळ्यांनी भागले नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत दुर्बिणीतून बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. २०१२ सालच्या एका अमेरिकन चाचणीत ही इंजेक्शने आणि गोळ्या यांची समोरासमोर तुलना झाली. रोजच्या गळतीचे प्रसंग दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, म्हणजे साधारण साडेतीनने, कमी झाले. पूर्ण कोरडेपणा मात्र इंजेक्शनच्या गटात २७ टक्के स्त्रियांना मिळाला, गोळ्यांच्या गटात १३ टक्क्यांना. किंमत अशी, की इंजेक्शनच्या गटात ३३ टक्के स्त्रियांना मूत्रसंसर्ग झाला, गोळ्यांच्या गटात १३ टक्क्यांना. शिवाय दोन महिन्यांच्या टप्प्यावर इंजेक्शन घेतलेल्या ५ टक्के स्त्रियांना कॅथेटर, म्हणजे लघवी बाहेर काढण्याची नळी, वापरावा लागत होता. त्यामुळे गरज पडल्यास स्वतः कॅथेटर घालण्याची तयारी आहे का, हे विचारल्याशिवाय मी हे इंजेक्शन देत नाही. घोट्याजवळच्या मज्जातंतूला आठवड्यातून एकदा अर्धा तास, असे बारा आठवडे सौम्य विद्युत उत्तेजन देणे हा त्याहून सौम्य पर्याय आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो ५४.५ टक्के रुग्णांना उपयोगी पडला, तर खोट्या उत्तेजनाने २०.९ टक्क्यांना बरे वाटले. कंबरेखाली त्रिकास्थीच्या मज्जातंतूजवळ बसवायचे उत्तेजक यंत्र हा त्यापुढचा टप्पा आहे आणि आपल्याला त्याचा विचार आज करण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा नव्हता, तो घाईचा असू शकतो. नेदरलँड्समध्ये खोकताना मध्यम ते तीव्र गळती होणाऱ्या ४६० स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या-निम्म्या वाटून काहींवर मूत्रमार्गाखाली पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया केली आणि काहींना फिजिओथेरपी दिली. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांनुसार वर्षभराने शस्त्रक्रियेच्या गटात ९१ टक्के, तर फिजिओथेरपीच्या गटात ६४ टक्के स्त्रियांनी सुधारणा सांगितली. त्यातही फिजिओथेरपीच्या गटातील ४९ टक्के स्त्रियांनी मध्येच शस्त्रक्रिया करून घेतली होती. म्हणजे तीव्र गळतीत शस्त्रक्रियेचे पारडे निःसंशय जड आहे. मात्र या अभ्यासात मुख्य तक्रार खोकल्याबरोबरच्या गळतीची होती. पट्टी मूत्रमार्गाला आधार देते, मूत्राशयाची घाई थांबवत नाही, आणि काही जणींना शस्त्रक्रियेनंतर नव्याने घाई लागू लागते. आपल्याला घाई आधीपासूनच आहे, म्हणून तिचा बंदोबस्त पट्टीच्या आधी व्हायला हवा.

जाळीच्या भीतीबद्दल नीट सांगते, कारण दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दात अडकल्या आहेत. अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून जी मोठी जाळी बसवली जात असे, तिच्यामुळे अनेक स्त्रियांना जाळी उघडी पडणे, सततच्या वेदना आणि पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया हे भोग आले. त्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकून घेतल्या गेल्या नाहीत आणि ही आमच्या क्षेत्राची मोठी नामुष्की आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. गळतीसाठीची पट्टी त्याच धाग्याची असली तरी सुमारे एक सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्यावर १९९० च्या दशकापासून झालेला अभ्यास कितीतरी अधिक आहे. तीही निर्धोक नाही. ब्रिटनमध्ये जुलै २०१८ मध्ये जाळ्यांबरोबर पट्टीच्या वापरालाही स्थगिती दिली गेली होती. म्हणून शल्यचिकित्सकांना विचारावे : वर्षाला आपण किती पट्ट्या बसवता, त्रास झाला तर ती काढण्याचा अनुभव कोणाकडे आहे, आणि स्वतःच्या ऊतीची पट्टी किंवा टाक्यांची जुनी शस्त्रक्रिया माझ्यासाठी शक्य आहे का?

लेझरबद्दल मी स्पष्ट बोलते. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने लघवीची गळती आणि रजोनिवृत्तीनंतरचे त्रास यांसाठी योनिमार्गात लेझर वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. २०२१ साली ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत रजोनिवृत्तीनंतर कोरडेपणाचा त्रास असलेल्या स्त्रियांमध्ये खरे लेझर आणि नुसता देखावा यांत वर्षभराने फरक आढळला नाही. आजच्या पुराव्यावर मी हा उपचार आपल्याला सुचवणार नाही. पाळी गेल्यानंतर कोरडेपणा, जळजळ आणि वारंवार संसर्ग असेल तर योनिमार्गात लावायचे अल्प मात्रेतील इस्ट्रोजेन क्रीम अधिक खात्रीचे आहे. १९९३ सालच्या एका चाचणीत ते लावणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण दर स्त्रीमागे वर्षाला ०.५ होते, तर प्लासिबो क्रीमच्या गटात ५.९. तोंडावाटे घेतलेल्या संप्रेरकांनी मात्र मोठ्या अमेरिकन अभ्यासात गळती वाढलेली आढळली, तेव्हा दोन्ही एकच समजू नयेत.

वजन जास्त असेल तर तेही मोजावे. २००९ सालच्या अभ्यासात ३३८ स्त्रियांपैकी ज्यांनी सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन घटवले त्यांच्या गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, वजन घटवण्याचा कार्यक्रम न दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. जडपणासाठी, तपासणीत अंग थोडेच खाली आलेले असेल तर, व्यायामाने लक्षणे कमी होतात हे २०१४ साली ४४७ स्त्रियांवरील चाचणीत दिसले आहे. जास्त उतरले असेल तर सिलिकॉनची पेसरी, म्हणजे योनिमार्गात बसवून उतरलेल्या अंगाला आधार देणारे साधन, वापरून पाहता येते. २०२२ साली पेसरी आणि शस्त्रक्रिया यांची तुलना झाली तेव्हा दोन वर्षांनी सुधारणा सांगणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ७६ आणि ८२ टक्के होते. पेसरी शस्त्रक्रियेच्या तोडीची आहे हे सिद्ध झाले नाही, पण पेसरीने भागलेल्या स्त्रियांची संख्या मुळीच लहान नाही.

म्हणून आपण आता एवढे करावे. तीन दिवसांची डायरी भरावी. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आतून तपासणाऱ्या फिजिओथेरपिस्टची किंवा मूत्रविकारांत काम करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाची वेळ घ्यावी, आणि व्यायामाचे महिने त्या तपासणीच्या दिवसापासून नव्याने मोजावेत. आधीचे चार धरू नयेत. तीन ते सहा महिन्यांनी घाई आटोक्यात आलेली असेल आणि तरीही खोकल्याबरोबर कपडे ओले होत असतील, तर पट्टीचा विचार निर्धास्तपणे करता येईल. तपासणीला जाताना मात्र संकोचाने मूत्राशय पूर्ण रिकामे करून जाऊ नये. थोडी भरलेली लघवी असताना, उभे राहून खोकल्यावर ती लगेच सुटते की काही क्षण थांबून सुटते, हे डॉक्टरांना डोळ्यांनी पाहता आले, तर आपला त्रास झोळीचा आहे की मूत्राशयाचा याचे निम्मे उत्तर तिथेच मिळते.